म्हातारपणची उदासी आणि रक्तातील खुणा : एका शोधाचा इतिहास

ताप आला की आपण काखेत तापमापी लावतो. साखर वाढल्याची शंका आली की बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतो. रक्तदाब मोजायला दंडाला पट्टी बांधतो. या तिन्ही गोष्टी आज कागलसारख्या तालुक्याच्या गावी सहज होतात. पण सत्तरीच्या एखाद्या आजोबांचे मन गेले चार महिने कशातच लागत नसेल, तर ते मोजायचे कशाने? त्यासाठी एखादी तापमापी, एखादी रक्ततपासणी का नाही?

हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला तर त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. गेली सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत अशा खुणेचा शोध चालू आहे. त्या शोधातले एक महत्त्वाचे पाऊल आपल्या मुंबईत पडले आणि दुसरे एक पुण्यात. खूण सापडली का, याचे उत्तर शेवटी पाहू. त्याआधी ती शोधताना शास्त्रज्ञ कोठे कोठे गेले हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

खूण म्हणजे काय?

शरीरात मोजता येणारी आणि रोगाशी निश्चित नाते असणारी कोणतीही गोष्ट म्हणजे जैविक खूण. तिच्याकडून आपल्या तीन अपेक्षा असतात. रोग आहे की नाही हे तिने सांगावे, तो पुढे कोणाला होईल हे सांगावे आणि कोणता उपचार कोणाला लागू पडेल हेही सांगावे. मधुमेहात रक्तातील साखर पहिले काम चोख करते, म्हणून तेथे वाद होत नाहीत.

नैराश्याच्या बाबतीत अडचण आहे, आणि ती म्हातारपणी दुप्पट होते. तरुण माणूस निदान ‘मला उदास वाटते’ असे म्हणतो. आपल्याकडची वयस्क माणसे तसे म्हणत नाहीत. ती म्हणतात, “जीव रमंना झालाय”, “घास गोड लागंना”, “रातभर डोळ्याला डोळा नाही”, “अंगात तरकावच राहिला नाही.” झोप न लागणे, भूक मंदावणे, वजन घटणे, थकवा येणे, विसरायला होणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. पण तीच मधुमेहाची, हृदयविकाराची, क्षयाची आणि स्मृतिभ्रंशाचीही असू शकतात. शिवाय ‘आता वय झाले, असे व्हायचेच’ हे घरातल्या सर्वांचे उत्तर तयार असते. त्यामुळे आजार आजार म्हणून ओळखलाच जात नाही. नेमक्या याच ठिकाणी एखादी भरवशाची खूण हाती असती तर फार उपयोग झाला असता.

काळ्या पित्तापासून सुरुवात

उदासीचे कारण शरीरात आहे ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार द्रवांची उपपत्ती मांडली. त्यांपैकी ‘काळे पित्त’ वाढले की माणूस खिन्न होतो असे ते मानत. ‘मेलँकोलिया’ या शब्दाचा अर्थच मुळी काळे पित्त असा आहे. चरकसंहितेने विषादाला रोग वाढविणाऱ्या गोष्टींत अग्रस्थान दिले. म्हणजे मनाच्या खचण्याने शरीराचा रोग बळावतो हे आपल्या वैद्यांच्याही लक्षात आले होते.

काळे पित्त ही नैराश्याची पहिली ‘जैविक खूण’ म्हणता येईल. फक्त ते कोणी कधी पाहिले नव्हते! उपपत्ती सुंदर होती, पण मोजमाप नव्हते. खूण मोजता आली तरच ती खूण, ही अट विसाव्या शतकात आली.

सर्पगंधा : एका मुळीची गोष्ट

सर्पगंधा ही आपल्या देशातली जुनी औषधी वनस्पती. तिची मुळी वेडावर आणि निद्रानाशावर वापरली जाई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, ही मुळी वेडावर तर उपयोगी आहेच, पण वाढलेला रक्तदाबही ती उतरवते. त्या काळी उच्च रक्तदाबावर धड औषध नव्हते.

मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा पद्धतशीर अभ्यास केला. पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रिसर्पिन’ हा क्रियाशील घटक वेगळा काढला. हे औषध लवकरच रक्तदाबासाठी सर्वत्र दिले जाऊ लागले.

आणि मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. रक्तदाब उतरला, पण माणूस गप्प झाला. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ साली अशा रुग्णांची नोंद केली. रक्तदाबाचे रुग्ण बहुधा उतारवयाचे असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

याच सुमारास अमेरिकेत बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, रिसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा होतो. सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही चेतापेशींमध्ये निरोप पोचविणारी रसायने. साठा रिकामा झाला, माणूस उदास झाला. दोन आणि दोन चार!

उलट्या बाजूनेही पुरावा मिळाला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देण्यात आले. खाटेला खिळलेले रुग्ण उत्साहाने हसू-बोलू लागले. हे औषध वरील रसायने नष्ट करणाऱ्या एका विकराला अडवते हेही त्याच वर्षी कळले. १९५७ साली डॉ. नेथन क्लाइन यांनी ते नैराश्यावर वापरले. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला. मानकऱ्यांमध्ये मुंबईचे डॉ. वकील होते आणि क्लाइनही होते. एकाने सर्पगंधा रक्तदाबासाठी वापरली, दुसऱ्याने तीच मनोरुग्णांसाठी.

या सगळ्याची मोट बांधून १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी मांडले की, मेंदूतील अशा रसायनांची, विशेषतः नॉरअॅड्रेनॅलिनची, कमतरता हे नैराश्याचे कारण असावे. आता खूण सापडणे हा केवळ वेळेचा प्रश्न आहे असे वाटू लागले. रसायन कमी आहे ना? मग मोजा!

मोजल्यावर काय दिसले?

मेंदूतील रसायन थेट मोजता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचे विघटन होऊन उरणारे पदार्थ लघवीत आणि पाठीच्या कण्यातील द्रवात मोजले. काही रुग्णांत ते कमी भरले, पुष्कळांत अगदी सामान्य. स्वीडनमध्ये मारी ओसबेर्ग यांना १९७६ साली असे दिसले की, ज्यांच्या द्रवात सेरोटोनिनचा अवशेष कमी होता त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न अधिक होते. निरीक्षण महत्त्वाचे होते. पण त्यावरून एका माणसाविषयी भाकीत करता येत नव्हते, आणि त्यासाठी कण्यात सुई घालावी लागे ती वेगळीच.

आणखी एक कोडे होते. नैराश्यावरील औषधे मेंदूतील रसायनांची पातळी काही तासांतच बदलतात. मन सुधारायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. उणीव भरून काढणे एवढेच काम असते तर हा विलंब का? शिवाय १९५५ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रिसर्पिन दिल्यावर ते खचण्याऐवजी सुधारले होते! तो निबंध पुष्कळ काळ फारसा कोणी लक्षात घेतला नाही. आवडत्या उपपत्तीच्या विरोधातला पुरावा असा बाजूला पडतो, हे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

येथे वर्गात सांगण्यासारखा एक तर्कदोष आहे. अॅस्पिरिनने डोकेदुखी थांबते, म्हणून डोकेदुखी ही शरीरात अॅस्पिरिन कमी पडल्यामुळे होते असे कोणी म्हणत नाही. मग सेरोटोनिन वाढविणाऱ्या औषधाने उदासी जाते, म्हणून उदासीचे कारण सेरोटोनिनची कमतरता, असे तरी कसे म्हणावे? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नैराश्य आणि सेरोटोनिनची कमी पातळी यांच्या संबंधाचा सुसंगत पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. त्यावर वादही झाले. औषधांचा उपयोग होत नाही असा मात्र त्याचा अर्थ नाही. ती औषधे गुण देतात की नाही हे रुग्णांवरील तुलनात्मक चाचण्या ठरवतात. गुण का येतो, हा प्रश्न वेगळा.

कॉर्टिसोलची चाचणी

दुसरी वाट संप्रेरकांची. संकट आले की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. पुरेसे झाले की मेंदू ‘बस’ अशी सूचना देतो आणि उत्पादन मंदावते. पाण्याची टाकी भरल्यावर तरंगता गोळा नळ बंद करतो, तसेच हे. गंभीर नैराश्यात हा गोळा अडकतो, अशी कल्पना पुढे आली.

ऑस्ट्रेलियात शिकलेले डॉ. बर्नार्ड कॅरोल यांनी ती तपासली. रात्री अकरा वाजता रुग्णाला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी द्यायची. हे कृत्रिम संप्रेरक मिळाल्यावर निरोगी माणसाचे कॉर्टिसोल दुसऱ्या दिवशी दबलेले राहते. ज्याचे दबत नाही त्याला गंभीर नैराश्य असावे. १९८१ साली कॅरोल यांनी आकडे दिले : ही चाचणी गंभीर नैराश्याचे शंभरातील ६७ रुग्ण पकडते, आणि तो आजार नसलेल्या शंभरातील ९६ जणांना बरोबर वगळते. मानसोपचाराला अखेर आपली ‘रक्ततपासणी’ मिळाली असे वाटून अनेक रुग्णालयांनी ती सुरू केली.

पण लवकरच म्हाताऱ्या रुग्णांनी चाचणीला चकवले. स्मृतिभ्रंश असलेल्यांत कॉर्टिसोल दबेना. वजन घटलेल्यांत दबेना. आटोक्यात नसलेला मधुमेह, दारूचे व्यसन, एवढेच काय, नुकतेच रुग्णालयात दाखल होण्याचा ताणसुद्धा चाचणी बिघडवू लागला. १९८७ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या समितीने चाचणीचा उपयोग मर्यादित असल्याचे सांगितले आणि रोजच्या वापरातून ती हळूहळू मागे पडली.

एक गणित करून पाहू. समजा, एका परिसरात साठीपुढची हजार माणसे आहेत आणि त्यांतील ऐंशींना नैराश्य आहे. चाचणी ६७ टक्के पकडते, म्हणजे ५४ जण सापडले. उरलेल्या ९२० निरोगी माणसांपैकी चार टक्के, म्हणजे ३७ जण, चुकून दोषी ठरले. एकूण ‘होकारार्थी’ ९१, त्यांतील खरे ५४. आता समजा, म्हाताऱ्यांतील इतर आजारांमुळे चाचणीची वगळण्याची शक्ती ९६ वरून ८० टक्क्यांवर आली. मग चुकीचे होकार होतात १८४. एकूण २३८ होकारांत खरे तेच ५४, म्हणजे चारांत एकही नाही! चाचणी तीच, माणसे बदलली आणि तिची किंमत घसरली. दहावीच्या विद्यार्थ्यांना टक्केवारीचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच दाखवता येईल.

मेंदूची चित्रे

१९८० नंतर मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा मिळू लागल्या. उतारवयात प्रथमच नैराश्य आलेल्या अनेकांच्या मेंदूत पांढरट ठिपके दिसले. बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा बिघडल्याच्या त्या खुणा होत्या. १९९७ साली जॉर्ज अलेक्सोपुलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रक्तवाहिन्यांशी निगडित नैराश्य’ ही कल्पना मांडली. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांनी मेंदूतील जोडवाटा खराब होतात, विचार मंदावतात, उत्साह आटतो. अशा रुग्णांत रडण्यापेक्षा निरुत्साह अधिक दिसतो.

या कल्पनेने म्हातारपणच्या नैराश्याचे स्वतंत्र रूप पुढे आणले. पण असे ठिपके आनंदी आजी-आजोबांच्या मेंदूतही असतात. रक्तातील दाह दाखविणारी प्रथिने, चेतापेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिने, स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचा आकार, या सर्वांबाबत हाच अनुभव आला. शेकडो रुग्णांच्या सरासरीत फरक दिसतो, समोरच्या एका माणसाबद्दल मात्र काही ठामपणे सांगता येत नाही. सांधेदुखीनेही दाह वाढतो आणि दात किडल्यानेही वाढतो!

तरीही रक्त तपासावे, ते का?

मग रक्ततपासणी निरुपयोगी समजायची का? मुळीच नाही. तिचा खरा उपयोग इतिहासात दुसऱ्याच बाजूने सिद्ध झाला.

ज्या १९४९ साली वकिलांचा निबंध आला, त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. रिचर्ड अॅशर यांनी चौदा रुग्णांची हकिकत लिहिली. त्यांना मानसिक आजार जडला होता, आणि मुळाशी होती मंदावलेली गळ्यातील थायरॉइड ग्रंथी. ग्रंथीचा अर्क दिल्यावर त्यांतील बहुतेक जण सुधारले. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त होतो, थंडी सोसत नाही, बोलणे-विचार करणे संथ होते. घरच्यांना वाटते, म्हातारपण आले. ही कमतरता आज एका साध्या तपासणीत कळते आणि रोजच्या एका गोळीने भरून निघते.

दुसरे उदाहरण बी-१२ जीवनसत्त्वाचे. ते १९४८ साली शुद्ध रूपात मिळाले. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो हे माहीत होते. पण १९८८ साली अमेरिकेतील डॉ. लिंडेनबाउम यांनी दाखविले की, बी-१२ च्या अभावामुळे चेतासंस्थेचे वा मनाचे विकार झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांना रक्तक्षय नव्हताच. म्हणजे रक्ताचा रंग ठीक असूनही मेंदू उपाशी असू शकतो.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखविले. पुणे परिसरातील ग्रामीण आणि शहरी मध्यमवयीन ४४१ पुरुषांच्या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बी-१२ दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते, भाजी-भाकरीतून नाही. वय वाढले की जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातले बी-१२ शोषले जाईनासे होते. जी आजी शाकाहारी आहे, जिने दूधही कमी केले आहे आणि जी मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेते, तिच्यात ही कमतरता असण्याचा संभव चांगलाच असतो, कारण मेटफॉर्मिननेही बी-१२ घटते.

येथे काळजीपूर्वक बोलले पाहिजे. कमी बी-१२ ही नैराश्याची खूण नाही. पुष्कळांचे बी-१२ कमी असते आणि ते उदास नसतात. बी-१२ चे इंजेक्शन हा नैराश्यावरचा सरसकट उपाय नाही. पण उदास, मंद, विसराळू झालेल्या वृद्धाच्या बाबतीत थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर पाहणे आणि चालू औषधांची यादी तपासणे आवश्यक आहे. रिसर्पिनच्या इतिहासाचा धडाच तो आहे : कधी कधी उदासी गोळीच्या वेष्टनातून घरात येते.

प्रश्न हीच खूण

प्रयोगशाळा खूण शोधत असताना काही मानसशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. अमेरिकेत जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८२-८३ मध्ये खास वृद्धांसाठी तीस प्रश्नांची सूची तयार केली. उत्तरे फक्त हो किंवा नाही. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. झोप, भूक, वेदना यांवरचे प्रश्न गाळले, कारण ते म्हातारपणी कोणालाही लागू पडतात. समाधान, कंटाळा, रिकामेपण, आशा यांविषयी विचारले. पुढे १९८६ साली पंधरा प्रश्नांची लहान सूची आली. ती पाच-सात मिनिटांत होते, सुई लागत नाही आणि खर्च जवळजवळ शून्य. ती निदान करीत नाही, पण डॉक्टरकडे कोणाला न्यावे हे चांगले सांगते. आजवरच्या बहुतेक रक्तचाचण्यांना एवढेही जमलेले नाही.

विचारण्याची गरज किती आहे, ते आकड्यांवरून दिसते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ साली वृद्धत्वाविषयी देशव्यापी पाहणी झाली. प्रश्नावलीनुसार साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची शक्यता दिसली. पण ‘तुम्हाला नैराश्य असल्याचे कधी डॉक्टरांनी सांगितले आहे का’, याला होकार देणारे होते फक्त ०.८ टक्के. दहांतील नऊ जणांची कोठे नोंदच नव्हती! ते घरातच होते. कागलच्या गैबी चौकातून रोज जाणारे असतील, किंवा कधीकाळी रोज जाणारे आणि आता घराबाहेरच न पडणारे असतील.

शिक्षकाने काय करावे?

मुलांना आपल्या घरातील आजी-आजोबांचा दिवस जितका ठाऊक असतो तितका डॉक्टरांना नसतो. भजनाला जाणे थांबले, पेपर उघडायचे थांबले, नातवंडांवर विनाकारण चिडचिड सुरू झाली, शेताकडे फेरी मारायची इच्छा उरली नाही, ‘मी आता कशाला हवा’ असे बोलणे वारंवार येऊ लागले; असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर ते वयाच्या खात्यावर टाकू नये. स्थानिक डॉक्टरांना दाखवावे, वरील तपासण्या कराव्यात आणि गरज पडल्यास सुमारे वीस किलोमीटरवर कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

म्हातारपणचे नैराश्य उपचारांनी सुधारते. औषधे, बोलून केलेले उपचार, चालण्यासारखा व्यायाम आणि माणसांची सोबत या सर्वांचा उपयोग होतो.

राहिला पहिला प्रश्न. नैराश्याची तापमापी सापडली का? अजून नाही. बहुधा ‘नैराश्य’ या एका नावाखाली अनेक वेगवेगळे आजार दडलेले असावेत आणि म्हणूनच एक खूण सर्वांना लागू पडत नसावी. एकेकाळी ‘ताप’ हादेखील एकच रोग समजला जाई. पुढे सूक्ष्मदर्शकाने हिवताप आणि विषमज्वर वेगळे दाखविले. उदासीचेही असे प्रकार उद्या वेगळे करता येतील. तोवर एखाद्या जाहिरातीत ‘रक्ताच्या एका थेंबात नैराश्याचे निदान’ असे वाचले, तर विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : ती शंभर आजाऱ्यांपैकी किती पकडते? शंभर निरोग्यांपैकी किती वगळते? आणि ती तपासली कोणत्या वयाच्या माणसांवर? एवढे विचारता आले तरी या इतिहासाचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.